पट कोणी घालवला?

ऑक्टोबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या हाकत नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. भाम धरणाने ज्यांना उठवलं त्या कुटुंबांची ही मुलं. वस्तीवरची शाळा बंद झाली होती आणि त्यांना लांबच्या शाळेत जायला सांगितलं होतं. त्यांची घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’. शाळा नसेल तर पोरगं शेळ्यांमागे जातं, हे ज्यांना फायलीतून कळत नाही त्यांना मुलांनी दारात येऊन सांगितलं.

राज्याच्या धोरणाने ते ऐकलं नाही. वर्षभराच्या आत, सप्टेंबर 2023 मध्ये, 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा 15 हजारांच्या घरात आणि त्यांतली मुलं पावणेदोन लाखांहून जास्त. तोरणमाळ आणि पानशेत इथल्या आधीच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतील, मैदान मिळेल, प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल, असा युक्तिवाद होता. तो खोटा नाही. तीन मुलांच्या वर्गात खो-खो होत नाही, हे मलाही दिसतं.

पण मधला रस्ता कोण चालणार? पाड्यावरून निघालेलं सहा वर्षांचं पोर जुलैत ओढा कसा ओलांडणार? गाडी लावू म्हणतात. ती गाडी बंद पडली, ठेकेदाराचं बिल थकलं, की त्या दिवसापासून शाळा सुटते. आणि आधी सुटते ती मुलीची, कारण तिला एकटीला पाठवायला घरचे धजत नाहीत. महाराष्ट्राने 2011 मध्ये केलेल्या शिक्षण हक्क नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी असं आहे. हे अंतर उपकार म्हणून लिहिलेलं नाही. तो मुलाचा हक्क आहे.

आता मूळ प्रश्न. पट कमी झाला म्हणतात, तो कमी केला कोणी?

वस्तीवरच्या शाळेत चार-पाच इयत्तांना मिळून एक गुरुजी. ते तालुक्याला बैठकीला गेले की शाळेला कुलूप. आले की पोषण आहाराची नोंद, यूडायसची माहिती, ऑनलाइन हजेरी, मतदारयादीचं काम. आईबाप हे रोज बघतात. ज्याच्या हातात चार पैसे आहेत तो पोराला पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी शाळेत घालतो. ऊसतोड मजूर दिवाळीनंतर पोरांना घेऊन कारखान्याच्या फडावर जातो, कारण मागे त्यांना सांभाळणारं कोणी नसतं आणि हंगामी वसतिगृहाचा भरवसा नसतो. मग उरतात बारा मुलं. त्या बारांना सांगायचं, पट नाही म्हणून शाळा नाही. शिक्षक काढायचा शासनाने आणि शिक्षा भोगायची पोरांनी!

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साफ लिहिलं आहे: पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. सहावी ते आठवीत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी शिक्षक असलाच पाहिजे, पट कितीही असो. आणि शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणारा, 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा शासन निर्णय काय सांगतो? 20 पर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक, दुसरा सेवानिवृत्तांमधून. वरच्या वर्गांत पट 20 च्या खाली गेला तर पदच नाही. संसदेने केलेला कायदा एका शासन निर्णयाने कापला गेला. वाडीवरची आठवीची मुलगी गणित कोणाकडून शिकणार, याचं उत्तर त्या निर्णयात नाही.

पटाच्या या हिशेबाला खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरने केव्हाच खोटं ठरवलं आहे. 2022 मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथे रुजू झाले तेव्हा जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत 3 मुलं होती. हाच हिशेब लावला असता तर शाळा तेव्हाच मिटली असती. गाव उभं राहिलं, गुरुजींना काम करू दिलं गेलं, पट शंभराच्या पुढे गेला. 2025 मध्ये याच शाळेने जगभरातल्या शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार जिंकला. प्रत्येक वाडीला वारे गुरुजी मिळणार नाहीत, मान्य. पण प्रत्येक वाडीला वर्गात थांबणारे दोन शिक्षक मिळू शकतात. तेवढं तर कायद्यानेच सांगितलं आहे.

वर्गात थांबणारे, हा शब्द मी मुद्दाम वापरला. कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. निवडणुकीची ही फट आज इतकी रुंद झाली आहे की गुरुजी बारमाही मतदारयादीवर असतात. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. वाचन शिकवायला माणूस समोर बसावा लागतो, रोज बसावा लागतो. त्याला पर्याय नाही.

मंत्रालयाला मात्र वेगळीच घाई. पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं जोडली आणि दोन वर्षांच्या आत काढली. सगळ्या राज्याला एकच गणवेश वरून शिवून द्यायचं ठरवलं, मुलांनी अर्धं वर्ष वाट पाहिली, अंगाला न बसणारे कपडे आले आणि डिसेंबर 2024 मध्ये तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. पहिलीपासून तिसरी भाषा एप्रिल 2025 मध्ये आली, जूनअखेर मागे घेतली गेली. यातला एकही निर्णय घेण्याआधी वाडीवरच्या गुरुजीला विचारलं असतं, तर त्याने पाच मिनिटांत अडचण सांगितली असती.

पैसा नाही, हे कारण तर मला ऐकवतच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्चावेत असं कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तेच पुन्हा लिहिलं. ते अजून झालेलं नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1917 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. आजच्या महाराष्ट्राची तिजोरी त्या संस्थानापेक्षा लहान नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना, विशेषतः गावाकडच्या वाचकांना, एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, हे कलम 21 सांगतं. त्या समितीच्या पुढच्या बैठकीला जा. आपल्या शाळेची संचमान्यता मागा, मंजूर पदं किती आणि हजर शिक्षक किती ते फळ्यावर लिहून काढा. दुसरं पद रिकामं असेल तर ते भरण्याचा ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून त्याची पोच घ्या. शाळा बंद करण्याचं पत्र येण्याची वाट पाहू नका.