चार तालमींची फेरी : जड माणसांसाठी सोपं मार्गदर्शन

बिदरच्या जुन्या गावात पत्ता विचारला की बऱ्याचदा तालमीचंच नाव ऐकायला मिळतं. नूर खान तालीम, मणियार तालीम, पनसाल तालीम, सिद्दी तालीम. मध्ये चौबाऱ्याचा मनोरा आणि भोवती या वस्त्या. त्यामुळे रिक्षावाला, पोस्टमन आणि गॅसचा सिलिंडर टाकणारा हे तिघेही संध्याकाळी घरी जाऊन 'आज चार तालमी केल्या' असं सांगू शकतात आणि ते खोटंही ठरत नाही. पत्त्यात एवढ्या तालमी असलेल्या गावात पोटं सुटतात कशी, हा प्रश्न बाहेरच्या पाहुण्याला पडतो. गावच्या माणसाला तो पडत नाही. पाहुणा विचार करत असतो तेव्हा गावचा माणूस मिर्ची भजी सांगत असतो.

ही मार्गदर्शिका त्या भजीवाल्या सद्गृहस्थासाठी आणि त्याच्या मंडळींसाठी आहे. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफझलपूर या पट्ट्यातल्या, म्हणजे ज्यांची शेताची पहाणी कानडीत, लग्नपत्रिका मराठीत आणि भांडण दखनीत असतं, अशा सर्व वजनदार नवशिक्यांना ती लागू पडेल.

शिकायचं आहे ते सर्किट ट्रेनिंग. नावाला घाबरू नका. 1953 साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन या दोघांनी ते बसवलं. नऊ ते बारा व्यायाम गोलाकार मांडायचे, एकेका ठिकाणी थोडा वेळ घाम गाळायचा आणि फार न रेंगाळता पुढच्या ठिकाणी जायचं. आजीला हे समजावून सांगितलंत तर ती म्हणेल, गाणगापूरच्या संगमावर औदुंबराला आम्ही घालतो ती प्रदक्षिणा काय वेगळी असते? वेगळी असते. इथे वाटेत थांबून काम करावं लागतं, आणि पुण्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

जड माणसाला हा प्रकार मानवतो, याचं कारण साधं आहे. पाय दमले की पाळी हातांची येते, हात दमले की पुन्हा पायांची. एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला विसावा मिळतो, छाती मात्र सगळा वेळ भात्यासारखी चालू राहते. पळावंही लागत नाही. पळताना दर पावलाला आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार जमिनीवर आपटतो आणि त्याची पावती गुडघ्यांच्या नावाने फाटते. म्हणून पहिल्याच दिवशी नवे बूट घालून किल्ल्याकडे धावत सुटणाऱ्याला आमच्याकडे प्रवेश नाही.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटा. शुगर, बीपी, गुडघेदुखी, चढ चढताना छातीत दाटून येणं, यांतलं काहीही असेल तर भेटाच. मेडिकल दुकानातला ओळखीचा माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे, त्याने आजवर तुमचा ताप कितीही वेळा उतरवला असला तरी.

साहित्य

एक शहाबादी फरशी, घरात असेल तेवढी. शहाबाद आपल्याच गुलबर्गा जिल्ह्यात. 2014 साली गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, पण फरशीचं वजन तेवढंच राहिलं. ही फरशी निम्म्या महाराष्ट्राच्या घरांत पोचली आणि उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पालथं पडण्यापलीकडे तिचा उपयोग फारसा कुणी केला नाही. ओली असली की ती निसरडी होते, तेव्हा पुसल्यानंतर वाळू द्या. शुगरवाल्यांनी अनवाणी राहू नये. पायाला बधिरपणा असला तर जखम झालेली कळत नाही.

एक खुर्ची, लाकडी किंवा लोखंडी, भिंतीला टेकवलेली. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची चालणार नाही. तिचे पाय फाकतात, आणि ते कधी फाकतील याची ती सूचना देत नाही.

तूरडाळीची पाच किलोची पिशवी. तूर कलबुर्गीचीच घ्या, तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे उचलताना थोडा मान वाटतो. पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे एकेक किलोची दोन वजनं. जुन्या वाकळी दोन. भिंत एक. कपाटातली चांदीच्या तारेची बिदरी सुरई हातात मावते आणि वजनालाही बरी आहे, पण तिला हात लावू नका. ती पडली तर व्यायाम कायमचा बंद होईल.

ट्रॅकसूट घेऊ नये. ट्रॅकसूट दिसला की गल्लीला वाचा फुटते. "काय करूलालाव ओ काका? पोलीस भरती निघाली की काय?" लुंगीने मात्र जिन्यावर घोटाळा होतो. जुना पायजमा सगळ्यात बरा.

वेळ

पहाटेची. कलबुर्गीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बिदर पठारावर दोन हजार फुटांहून उंच असल्यामुळे तिथले लोक 'आमच्याकडे हवा बरी' म्हणतात आणि नऊ वाजता तेही सावली शोधतात. सातच्या आत उरका. शेजाऱ्यांचं फाटक वाजायच्या आत उरकलंत तर आणखी उत्तम.

मांडणी

बैठकीच्या खोलीत बिदरचा नकाशा मांडा. मध्यभागी पाण्याचा माठ, तो आपला चौबारा. खरा चौबारा सुमारे 71 फूट उंच आहे आणि त्याच्या पोटात वर जाणारा गोल जिना आहे. त्याचा विचार निदान पहिलं वर्षभर मनात आणू नका. माठाभोवती चार तालमी: खुर्ची, भिंत, डाळ, पायरी. लीड्समध्ये बारापर्यंत होत्या, पण तिथली विद्यार्थी मंडळी विशीतली होती आणि त्यांच्या घरी शेंगापोळी होत नव्हती.

प्रत्येक तालमीत वीस सेकंद काम, मग चाळीस सेकंदांत पुढच्या तालमीला पोचायचं. चार मिनिटांत एक फेरी. मग माठापाशी दोन मिनिटं उभं राहायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि दुसरी फेरी. दहा मिनिटांत खेळ खलास. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून.

पहिली तालीम : खुर्ची

ही बैठक आहे. खुर्चीपुढे पाठमोरे उभे राहा, पाय खांद्यांइतके रुंद, चवडे किंचित बाहेर. दोन्ही हात समोर लांब करा, जणू सासरे नमस्काराला वाकणार आहेत आणि तुम्ही त्यांना अडवताय. आता कंबर मागे नेत, मनात सावकाश तीन मोजत खाली या. बूड खुर्चीला नुसतं टेकवा आणि श्वास सोडत उठा.

नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. टेकवणं आणि बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेकल्यावर ज्यांचा हात सवयीने पेपरकडे किंवा रिमोटकडे जातो, त्यांनी फेरी पुन्हा पहिल्यापासून धरावी. मोबाइल वाजला तर उभं राहून घ्या.

गुडघे पावलांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत, आत एकमेकांकडे झुकता कामा नयेत. दुखले तर खुर्चीवर दोन वाकळी घडी करून ठेवा. बैठक उंच झाली की गुडघे कमी वाकतात आणि काम हलकं होतं. महिन्याभरात एक वाकळ काढा, पुढच्या महिन्यात दुसरी. आणि श्वास कोंडू नका. दम रोखून जोर लावला की बीपी वर चढतं. उठताना 'आई गं' म्हणण्याची जुनी पद्धत आहे ती शास्त्रशुद्ध आहे; त्या निमित्ताने श्वास बाहेर पडतो.

दुसरी तालीम : भिंत

दंड, पण उभ्याने. तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला लावा, पाय हातभर मागे. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून कोपरं वाकवा, छाती भिंतीजवळ आणा, मग ढकला. पोट आधी टेकलं तर पाय वीतभर आणखी मागे घ्या. भिंत मागे सरकवता येत नाही. घर चुन्याने रंगवलेलं असेल तर तळव्यांना पांढरी पूड लागते, ती पायजम्याला पुसू नये, नाहीतर घरात सगळ्यांना कळतं की सकाळी काहीतरी झालं.

हे करताना गल्लीतले एक निवृत्त पहिलवान दारात येऊन उभे राहतील. "दंड भिंतीला कोण मारतं बे? खाली ये!" आदराने चहा द्या, खाली जाऊ नका. त्यांच्या तरुणपणी तालमीत दंड, बैठका, जोर, मुद्गल हे सगळं एकामागून एक चालायचंच, म्हणजे सर्किट त्यांना नवं नाही. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले, त्यांत या देशी व्यायामांचा खजिनाच आहे. पण पहिलवानांचे आकडे पहिलवानांना. तुमचा क्रम असा: भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग खुर्चीची बैठक, मग फरशी. ओट्यासाठी घरातल्या बाईमाणसाची परवानगी लागते आणि ती दूध उतू जायच्या वेळेत मिळत नाही.

दुसरे सल्लागार सूर्यनमस्कारवाले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच सांगतो: बीपी आणि मोठं पोट असताना पहिल्या दिवसापासून डोकं खाली घालायची घाई नको.

तिसरी तालीम : डाळ

पिशवी एका हातात घ्या आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. पुढच्या फेरीत दुसऱ्या हातात. एका बाजूला वजन आलं की अंग त्या बाजूला झुकायला बघतं आणि त्याला सरळ धरताना कमरेचे, पोटाचे स्नायू कामाला लागतात. उचलताना गुडघे वाकवा, पाठ नको. पाच किलो जड वाटली तर एका हातात एक बाटली घेऊन सुरू करा. आठ-दहा दिवसांनी ही तालीम हलकी वाटू लागेल. खूश होण्याआधी पिशवी तपासा, डाळ शिजतेय.

चौथी तालीम : पायरी

जिन्याची सगळ्यात खालची पायरी. उंबऱ्यावर करू नका. उंबऱ्यावर पाय दिला की घरातलं कुणीतरी लक्ष्मीची आठवण करून देतं आणि वीस सेकंद त्यातच जातात. उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. पूर्ण पाऊल पायरीवर. कठडा धरलात तर कुणी हसणार नाही, हसलं तर त्याला पायरीवर उभं करा. गुडघा कुरकुरला तर जागच्या जागी पावलं टाका, तेवढं पुरतं.

दोन आठवड्यांनी फरशीवर वाकळ घाला, उताणे पडून गुडघे उभे करा आणि कंबर उचलून खाली आणा. ही पाचवी. इथे झोप लागण्याचा धोका आहे, म्हणून ती शेवटी ठेवली आहे. तिसऱ्या आठवड्यात फेऱ्या तीन करा, पाचव्यात कामाचे सेकंद तीस आणि विसाव्याचेही तीसच.

वेग किती?

घड्याळ-पट्टा नको. चालू फेरीत बोलून बघा. एका वाक्यात मराठी, कानडी आणि दखनी तिन्ही नेहमीसारखी आली, फक्त मध्ये एकदोनदा श्वास घ्यावा लागला, तर वेग बरोबर. नुसतं 'हौ... हौ...' एवढंच निघत असेल तर कमी करा. शेजारच्या लग्नात काय काय चुकलं हे सविस्तर सांगता येत असेल तर वाढवा. छातीत दुखलं, चक्कर आली, डावा हात किंवा जबडा भरून आला तर थांबा, आणि 'गॅस असेल' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सरळ दवाखाना गाठा.

मधल्या दिवशी चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम मेहनत येते, तुमची फेरी त्यातली अर्धा तास भरते. गुडघे फारच रुसलेले असतील तर बिदरच्या झरणी नृसिंहाचं दर्शन घ्या. भुयारात सुमारे तीनशे मीटर छातीभर पाण्यातून चालत जावं लागतं आणि पाणी तुमच्या वजनाचा बराच भार स्वतःवर घेतं. वर छताला वटवाघळं असतात, त्यामुळे वेग आपोआप राहतो.

खाणं

दहा मिनिटांच्या फेरीत जड माणसाच्या शे-पाऊणशे कॅलरी जळतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त असतात. म्हणजे फेरीनंतर बोलता बोलता अर्धी मूठ शेंगा फोडल्यात तर हिशेब फिटला, सकाळ मोकळी. चुरमुऱ्यांचा सुशीला खायला हरकत नाही, त्यावर शेव किती पडते तिकडे लक्ष ठेवा. हातावर ऊन भाकरी, अंबाडी, तुरीचं वरण, यांच्याशी आमचं भांडण नाही. तिसऱ्या भाकरीशी आहे.

येळवस मात्र कार्यक्रमातून वगळलेली आहे. त्या अमावास्येला शेतात कोपीपुढे बसून भज्जी, उंडे, आंबील आणि खीर समोर आल्यावर कुणी 'मी सर्किट करतो' म्हणालं, तर त्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत. त्या दिवशी पोटभर खा आणि शेताच्या चारही बांधांवरून एक चक्कर मारून या.

प्रगती मोजण्यासाठी वजनकाट्यावर रोज चढू नका. महिन्यातून एकदा कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी 80 च्या आत यायचा प्रयत्न करावा. घरातली टेप नातवंडांनी पतंगाला लावलेली असेल तर नेहमीच्या टेलरकडे जा. मागच्या दिवाळीचं माप त्याच्या वहीत आहेच. माप घेताना पोट आत ओढू नका. तो वर बघत नाही, काही बोलत नाही, आणि दोन बोटं वाढवून लिहितो.