ऑप्शनला टाकलेल्या टेस्ट

कोपरला राहणाऱ्याला पाहुणे हमखास विचारतात, "फार लांब आहे का हो?" लांब कुठलं! डोंबिवलीच्या अलीकडचं स्टेशन. फक्त फास्ट लोकल थांबत नाही. फास्टमध्ये बसलात तर कोपर खिडकीतून दिसतं तेवढंच.

माझं काम डीबगरचं. बिघडलेल्या प्रोग्रॅमला मधेच थांबवून त्याच्या पोटात डोकावायचं हत्यार ते. रिचर्ड स्टॉलमननी १९८६ साली लिहायला घेतलेलं जीडीबी आजही तेच करतं. आता डोकावणाराच धड आहे ना, हे बघायलाही हजारो तपासण्या असतात. माझा लॅपटॉप घरी, आणि टेस्टचे प्रोग्रॅम चालतात ऑफिसातल्या तळहाताएवढ्या बोर्डवर. तिथे जीडीबीचा माणूस म्हणून जीडीबीसर्व्हर हा प्रोग्रॅम बसलेला असतो. तो सांगतो, मी ऐकतो.

परवा रात्रीतून बत्तीस फेल. सकाळचा चहा निवला तरी कारण सापडेना. सापडलं तेव्हा हसू आलं. एक टेस्ट माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम सुरू करायची, त्याचा प्रोसेस क्रमांक घ्यायची आणि बोर्डला सांगायची, "जा, या क्रमांकाला चिकट." आमच्या बिल्डिंगमधल्या ३०२ चा निरोप पलीकडच्या सोसायटीतल्या ३०२ मध्ये द्यावा, तसं. बहुतेकदा तिथे कुलूप. नाहीतर भलतेच गृहस्थ बनियनवर दार उघडतात.

यात डीबगरचा काय दोष? अशी टेस्ट तिथे चालवायचीच नाही. निकालात तिच्यापुढे 'फेल' न येता 'अनसपोर्टेड' येतं. हे आईला सांगितलं. ती निवृत्त शिक्षिका.

"म्हणजे ऑप्शनला टाकलंस म्हण की."

"नाही गं, सिलॅबसमध्येच नाही ते."

"सगळी पोरं हेच सांगायची."

तिचा संशय अगदीच खोटा नव्हता. अशा प्रत्येक टेस्टच्या फाइलच्या डोक्यावर मी एकच ओळ टाकली होती: यंत्र लांबचं असेल तर इथूनच परत फीर. बत्तीसचे शून्य झाले! मग नीट पाहिलं, तर एकेका फाइलीत वीस-पंचवीस तपासण्या, आणि नडत होती एखादीच. बाकीच्या बिचाऱ्या उगाच घरी बसवलेल्या.

दुसरी गंमत म्हणजे जीडीबीसर्व्हर याच लॅपटॉपवर चालवला, तर यंत्र मुळीच लांब नसतं. तरी साध्या रिमोट जोडणीत 'रन' म्हणता येत नाही. प्रोग्रॅम आधीच सुरू होऊन दारात उभा असतो, त्याला फक्त 'चल पुढे' म्हणायचं. म्हणजे 'लांब आहेस का' हा पाहुण्यांचा प्रश्न इथे कुचकामाचा. जीडीबीच्या टेस्टमध्ये जाणत्यांनी नेमके प्रश्न करून ठेवलेत. प्रोग्रॅमने छापलेलं तुला दिसतं का? त्याला आर्ग्युमेंट देता येतात का? सिग्नल कळतात का? प्रत्येक बोर्डची एक फाइल असते, तिच्यात त्याची उत्तरं लिहायची. मी माझी ओळ खोडली आणि ती लिहायला बसलो. किचकट काम, पण आईला तोंड दाखवता येईल असं.

संध्याकाळी पुन्हा सगळ्या टेस्ट लावल्या, तोच मावशीचा फोन. ठाण्याहून निघाली होती.

"अरे, डोंबिवली आलं! कोपर गेलं कधी?"

"मावशी, स्लो पकड म्हणून सांगितलं होतं ना?"

"फास्ट रिकामी होती रे. आणि तूच म्हणालास, लांब नाही."

लॅपटॉप तसाच चालू ठेवून मी स्कूटरची चावी शोधली. स्क्रीनवर फेल तीन होते, अजून चाललंच होतं.