डावं की उजवं

रविवारी आमच्या मेसला मटण असतं. ताटात नळी आली की साधारण माणूस ती ताटाच्या कडेवर ठोकतो, तोंडाला लावतो आणि सुर्रकन आतला मगज ओढतो. पैलवान तसं करत नाही. तो आधी नळी ट्यूबलाइटकडे धरतो, तिची एक कड अंगठ्याने चाचपतो, क्षणभर डोळे मिटतो आणि जाहीर करतो, “डावी.”

“डावी काय?”

“मांडी. डावी फीमर. मागचा हा कंगोरा बघ.”

खाटकाने मधोमध तोडलेली, तीन शिट्ट्या झालेली, तर्रीने लाल झालेली ती नळी. बोकडाला विचारायची सोय राहिलेली नसते, त्यामुळे आम्ही माना डोलावतो. मग तो कड दाखवून सांगतो की बाहेरचं हे टणक ते कॉर्टिकल, टोकाकडचं जाळीदार ते कॅन्सेलस. एवढं होईपर्यंत मगज गार होतो आणि तोही पैलवान शेजारच्याच्या ताटातून उचलून खातो.

पैलवान कुस्ती खेळत नाही. तो कोल्हापूरकडचा आहे आणि कॅज्युअल्टीत निखळलेला खुबा बसवताना तो थेट स्ट्रेचरवर चढून उभा राहतो, म्हणून हे नाव पडलं. मी भूल देणारा. निवासी डॉक्टरांच्या हॉस्टेलात आमची खोली एक, ऑपरेशन थिएटर एक, भांडणंही ठरलेली. तो म्हणणार, “पेशंट हलतोय.” मी म्हणणार, “तू हातोडा मारतोयस, म्हणून हलतोय.”

त्या वर्षी मात्र तो एक्झाम-गोइंग होता. हा प्राणी प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजच्या ऑर्थो विभागात दरवर्षी निपजतो. पहिलं वर्ष, म्हणजे जेआर वन, प्लॅस्टर कापण्यात, हरवलेले एक्स-रे शोधण्यात आणि ट्रॅक्शनला वजन कमी पडलं की वॉर्डच्या मामांकडून विटा मागवण्यात जातं. दुसरं वर्ष शिशाचा एप्रन घालून सी-आर्मखाली घाम गाळण्यात. तिसऱ्या वर्षी हातात खरं काम येतं आणि मानगुटीवर थीसिस बसतो. या सगळ्यात वाचन नावाची गोष्ट कुठे बसवायची? मग एक दिवस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं वेळापत्रक लागतं. चार पेपर, त्यातला पहिला बेसिक सायन्सेसचा. तीन वर्षं मुकाट सुतारकाम केल्यावर सुताराला कळतं की लाकूड जिवंत असतं.

पैलवानाला ते रात्री दोन वाजता कळलं. दिवसभर दुसऱ्यांना झोपवणाऱ्या माणसाची झोप किती मोलाची असते, याचा विचार न करता त्याने मला गदागदा हलवलं.

“अरे, हाड रोज खोदतात रे! ऑस्टिओक्लास्ट खोदतात, ऑस्टिओब्लास्ट भरतात. जन्मभर चालू!”

“म्हणजे महापालिका,” मी कूस बदलत म्हणालो.

ही माझी चूक. सकाळपर्यंत त्याने अख्खं हाड महापालिकेच्या हद्दीत घेतलं होतं. ब्लास्ट म्हणजे बांधणारा ठेकेदार, क्लास्ट म्हणजे खोदणारा जेसीबी. “पण जेसीबीला बोलावतो कोण, सांग!” दात घासताना तो तोंडात फेस घेऊन विचारत होता. “बांधणारा! ब्लास्टच रँक-लिगँड नावाची चिठ्ठी सोडतो. ती क्लास्टच्या घराण्यातल्या पोरांच्या अंगावरच्या रँक नावाच्या खुंटीला अडकली, की पोरं मोठी होऊन खोदायला लागतात. आणि तोच ब्लास्ट ऑस्टिओप्रोटेजेरिन पण सोडतो. ते मधल्यामध्ये चिठ्ठी पळवतं.”

“म्हणजे टेंडर काढणारा तोच आणि स्थगिती आणणारा पण तोच?”

“आणि जो ब्लास्ट स्वतःच्याच काँक्रीटमध्ये गाडला जातो, तो ऑस्टिओसाइट. आत बसून बारीक नळ्यांतून शेजाऱ्यांशी बोलतो. कुठे भार पडतोय, कुठे चीर गेलीय, सगळं वर कळवतो.”

“नगरसेवक.”

“करेक्ट.”

उपमा फक्त एका ठिकाणी मोडली आणि त्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. बर्लिनच्या ज्युलियस वोल्फने 1892 साली मांडलेला नियम सांगतो की हाडावर जिथे भार येतो तिथे ते भरतं आणि जिथे येत नाही तिथे झिजतं. “आपल्याकडे उलटं आहे,” पैलवान चूळ भरून म्हणाला. “जिथे वाहतूक जास्त, तिथेच खड्डे.”

त्याला सनावळ्याही पाठ कराव्या लागल्या, कारण काही परीक्षकांना नाव विचारल्यावर साल विचारायची खोड असते. पैलवानाला इतिहास फक्त मराठ्यांचा येतो, म्हणून तो सगळं तिथेच टांगतो. राजाराम महाराज जिंजीला होते, तेव्हा 1691 साली लंडनमध्ये क्लॉप्टन हॅव्हर्सने हाडांवर पुस्तक छापलं. ज्याच्या नावाने हाडातल्या नळ्यांना आज आपण हॅव्हर्शियन कॅनॉल म्हणतो, तो हाच. “इकडे झुल्फिकारखानाचा वेढा चालू आणि तिकडे हा गडी हाडाची भोकं मोजतोय,” असं म्हणून तो मान हलवतो. हॅव्हर्सने आपल्या मदतीला यायला हवं होतं, असा काहीसा सूर त्यात असतो.

पाठांतराचा त्याचा खरा कारखाना मात्र मराठीत चालतो. मनगटात आठ हाडं. त्यांच्या क्रमासाठी इंग्रजीत एका देखण्या मुलीवरचं वाक्य आहे. पैलवानाच्या आयुष्यात तेव्हा मुलगी नव्हती, भूक होती. त्यामुळे त्याचं वाक्य असं: सखू लसणाचं तिखट पिठलं तव्यावर टाकून करते, हादडा. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. त ला ट्र मानून घ्यायचं, एवढी सवलत. ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइडमधलं अंगठ्याखालचं कुठलं, हा घोळ जगभर होतो. पैलवानाचं उत्तर तयार: “ज्यात यम आहे ते. यम नेहमी अंगठ्याशी बसतो.” प्रिलिमच्या पेपरात त्याने समासात बारीक अक्षरात सखू लिहिली आणि खोडायची विसरला. पेपर परत आला तेव्हा लाल शाईत एकच शेरा होता: ‘ही कोण?’

लांब हाडाला रक्त नेणारी धमनी तिरकी आत शिरते. हाताच्या हाडांत ती कोपराच्या दिशेने जाते, पायाच्या हाडांत गुडघ्यापासून लांब पळते. पैलवानाचं सूत्र: कोपर माहेर, गुडघा सासर. हे त्याने वॉर्डात ज्युनियरांना ऐकवलं तेव्हा युनिटमधल्या सीनियर मॅडम राउंड थांबवून म्हणाल्या, “माझं उलटं आहे, पण चालू द्या.”

शेतकऱ्याचा पोर असल्यामुळे एक गोष्ट मात्र त्याला पाठ करावी लागली नाही. ती म्हणजे चिरा कुठून घ्यायचा. अग्रबाहूच्या रेडिअस हाडापर्यंत पुढून जायचा हेन्रीचा म्हणून एक मार्ग आहे. एका बाजूचा स्नायू, ब्रॅकिओरेडिअलिस, रेडिअल नर्व्हचा. दुसऱ्या बाजूचा, फ्लेक्सर कार्पाय रेडिअलिस, मीडिअन नर्व्हचा. दोघांच्या मधून जायचं, म्हणजे कुणाचीच नर्व्ह तुटत नाही. ज्युनियरला हे समजत नव्हतं. पैलवानाने त्याच्या हातावर स्केचपेनने रेघ ओढली. “हा बांध. इकडचं रान एकाचं, तिकडचं दुसऱ्याचं. बांधावरनं चाललास तर कुणाचं पीक तुडवलं जात नाही.” मग जरा थांबून, अनुभवाने: “पण खून बी बांधावरच पडत्यात. वरच्या अंगाला पोस्टिरियर इंटरॉसिअस नर्व्ह आडवी येते. म्हणून हात उताणा ठेवायचा, तळवा आभाळाकडं. ती आपोआप बाजूला सरते.” स्केचपेन परमनंट निघालं. तो ज्युनियर चार दिवस बांध घेऊन फिरत होता.

अभ्यासाचं वेळापत्रक त्याने इलिझारोव्हवरून बेतलं. सायबेरियातल्या कुर्गानमधले हे डॉक्टर गाव्रील इलिझारोव्ह. हाड कापायचं, बाहेरून कड्या बसवायच्या, काही दिवस थांबायचं आणि मग दोन्ही टोकं दिवसाला एक मिलिमीटर लांब करायची, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. घाई केली तर मध्ये हाड धरत नाही, रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं. पैलवानाने भिंतीवर चार वेळा लिहिल्या, प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर वाचन. मी कॅम्पबेलचे चारही खंड एकावर एक रचून वीत लावली. वीतभर भरले. दिवसाला एक मिलिमीटर धरला तर दोनशे दिवस. परीक्षेला चाळीस उरले होते. त्याने कागद उलटा चिकटवला.

हाडांचं एक वेळ ठीक, ती ट्रेमध्ये गप्प पडून असतात. पण गेट सुरू झाल्यापासून मी त्याच्याबरोबर बाहेर जाणं सोडलं. गेट म्हणजे चाल. पाऊल टेकलेलं असतं तो साठ टक्के काळ, हवेत असतं तो चाळीस. हे वाचल्यापासून त्याला माणसांची तोंडं दिसेनाशी झाली. एसटी स्टँडवर तो कमरेखाली बघत उभा असतो आणि लोक आपापल्या बॅगा जवळ ओढतात. एका मित्राच्या लग्नात अंतरपाटापलीकडे नवरी येत होती, सगळे टाचा उंचावून बघत होते, तेवढ्यात हा माझ्या कानाशी, “उजवीकडे ट्रेंडेलेनबर्गचं लंगडणं वाटतंय का रे?” सँडल नवी होती, एवढंच.

या वेडाचा मुख्य बळी म्हणजे आमच्या गेटवरचे वॉचमन मामा. त्यांचा उजवा खुबा झिजलाय. चालताना उजव्या हातात काठी, डाव्या हातात बॅटरी. पैलवानाला हे दृश्य सहन होत नाही, कारण काठी डाव्या हातात हवी.

“मामा, असं बघा.” रात्री साडेअकरा. त्याने चौकीतला खडू घेऊन फरशीवर तराजू काढला. “चालताना दुसरा पाय उचलला की सगळं वजन ह्या खुब्यावर. हा टेकू. आतल्या बाजूला वजन, दांडा लांब. बाहेरच्या बाजूला स्नायू, दांडा आखूड. मग तोल सांभाळायला स्नायूला वजनाच्या दुप्पट ओढावं लागतं. दोन्ही मिळून खुब्यावर येतं तिप्पट. तुमचं वजन किती?”

“साठ.”

“म्हणजे खुब्यावर एकशे ऐंशी किलो!”

“तरीच दुखतंय,” मामा म्हणाले.

“काठी डाव्या हातात घेतली की ती लांबून उचल देते. थोडं दाबलं तरी स्नायूचा ताण लई कमी होतो. उजव्या हातात धरून तसा फायदा नाही.”

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तराजूभोवती फिरून बघितला. मग उजव्या हातात काठी, डाव्या हातात बॅटरी घेऊन गेट लावायला गेले. हे रोज. पैलवान रोज आकृती काढायचा, सकाळी मावशी रोज पुसायच्या. गावाकडे त्याच्या आजीलाही परीक्षेचं हे वेड फोनवर समजलं होतं. ती म्हणाली, “आपल्या गावचा हाडवैद्य नारळ घेतो आणि हात बसवतो. त्याला कधी परीक्षा देताना बघितलं नाही.”

थिअरी झाली. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी सकाळची लिस्ट उरकून बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. त्यामुळे पुढचं त्याच्याच तोंडून. लाँग केस बरी गेली. टेबलावर हाडांचा ट्रे. बाहेरगावच्या परीक्षकांनी क्लॅव्हिकल उचलून त्याच्या हातात ठेवलं. गळपट्टीचं ते नागमोडी हाड, ज्याची डावी-उजवी ठरवताना भलेभले चाचरतात. बोकडाच्या नळ्यांवर घडलेला अंगठा फिरला. “उजवं, सर.”

“वैशिष्ट्य?”

“सर, गर्भात सगळ्यांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात हे हाड व्हायला लागतं. आणि आतलं टोक जुळतं पंचविशीच्या आसपास, सगळ्यांत शेवटी. म्हणजे सगळ्यांत आधी कामाला लागतं आणि सगळ्यांत शेवटी सुटतं. जेआर वनसारखं.”

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं निघालं, हे त्याला अजून कळलेलं नाही. आमच्या कॉलेजचे सर छताकडे बघायला लागले. बाहेरचे परीक्षक गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “उजव्या खुब्याला संधिवात. काठी कुठल्या हातात?”

पैलवान सुटलाच. टेकू, दांडे, दुप्पट, तिप्पट. कागदावर आकृती काढली, तिला मिशा आणि बॅटरीही काढली. “आमच्या हॉस्टेलच्या वॉचमनना मी हेच समजावतोय सर, दोन महिने.”

“मग बदलली त्यांनी काठी?”

“नाही सर.”

“बरं,” परीक्षक म्हणाले आणि पुढचं हाड उचललं.

पैलवान पास झाला. निकालाच्या रात्री आम्ही जेवून साडेअकराला परतलो, तर गेटवर मामा. काठी डाव्या हातात. उजवा हात मोकळा, चाल खरंच सुधारलेली. पैलवान जागच्या जागी थांबला. त्याचा गळा दाटून आला होता, मी शेजारी होतो म्हणून सांगतो.

“पटलं ना शेवटी, मामा?”

“पटायचं काय त्यात, साहेब,” मामा कुलूप चाचपत म्हणाले. “बॅटरीचे सेल संपलेत. एक तारखेला नवे मिळतील.”