दाढेचं दुखणं

कोथरूडातल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला दाताचे डॉक्टर आहेत आणि उजव्या हाताला समुपदेशक बाई. ही सोय ज्याला सुचली त्याचा मी जन्माचा ऋणी आहे. घरी सांगितलं, "दाढ ठणकतेय." आई म्हणाली, "तरीच म्हटलं, सहा महिने तोंड असं का!"

बाहेर बाकावर फॉर्म भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, उत्साह कितपत असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. इथली गंमत अशी की 27 पैकी 27 मिळाले तर पेढे वाटायचे नसतात. बाईंना उगाच त्रास नको म्हणून मी बेरीज बेतानं 4 वर आणून ठेवली.

"फोनवर म्हणालात की रात्री तीनपासून जागा असतो. मग झोपेपुढे शून्य?"

"जागा असतो, पण तशी काही तक्रार नाही."

सोबत बीपी, साखर, थायरॉईड अशी फाईल नेली होती. बाईंनी थायरॉईडचा कागद तेवढा नीट पाहिला; तो बिघडला तरी माणूस असाच मरगळतो म्हणे. मग नियम सांगितले. बैठक 50 मिनिटांची. गोळ्या त्या देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं; लागलं तर त्यांच्याकडे पाठवतील. इथलं बोलणं इथेच राहणार. माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच बाहेर सांगावं लागेल. गोपनीयतेचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातही लिहिलाय. त्याची एक प्रत आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर लावायला हवी.

"आज का यावंसं वाटलं?" एवढं विचारून बाई गप्प बसल्या. मीही गप्प. फी 1500, म्हणजे मिनिटाला 30 रुपये. चार मिनिटं शांततेत गेली. 120 रुपये! एक मिसळ झाली असती. शेवटी न राहवून मी विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

बाई हसल्या. "अवघड झालं की तुम्ही समोरच्याची विचारपूस करता का?"

आमच्याकडे याला संस्कार म्हणतात, असं सांगणार होतो. पण आठवलं ते बाबांच्या तेराव्याचं. दोनेकशे माणसं भेटून गेली आणि मी दिवसभर प्रत्येकाला "चहा घेतला ना?" विचारत फिरत होतो. हे सांगता सांगता आवाज फुटला. टेबलावर टिश्यूचा डबा होता, तरी मी खिशातला रुमालच काढला. दुसऱ्याचं कशाला वापरा.

सल्ला एकही मिळाला नाही. वही मात्र घालायला सांगितली: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, रोज तीन रकाने. आणि पुढच्या बुधवारी यायचं.

बाहेर आलो तर बाकावर आमच्या मजल्यावरचे काका. दोघंही दचकलो.

"दाढ," मी म्हणालो.

"माझीही. मूळ फार खोल गेलंय म्हणे. आज सहावं सीटिंग."

"माझं पहिलंच."

"हळूहळू ठणका कमी होतो," काका म्हणाले, आणि आम्ही दोघांनी मोठ्या आदरानं डाव्या हाताच्या बंद दाराकडे पाहिलं. त्यावर पाटी होती: 'दवाखाना दर बुधवारी बंद राहील.'