हळदीच्या खोलीतली टॉकीज

"काकू, रात्री तुमच्या हळदीच्या खोलीत बंदुका काहून वाजायल्यात?"

"बंदुका कशाच्या गं! गेम हाय त्यो. नातवानं टॉकीज केलीया आतमधी." काकूंनी ओली चादर कुंपणाच्या तारेवर टाकली आणि तिथंच टेकल्या. वसमतच्या आमच्या गल्लीत याचा अर्थ अर्ध्या तासाची निश्चिंती. "समदी गल्ली म्हणायलीय, म्हातारीनं हळद इकून पोराला खेळणं देलं. आगं, हळद कवाच मोंढ्यात गेली, खोली मोकळीच व्हती. आन् सामान समदं जुनं. नवा फकस्त पंख्याचा बटन आन् एक बॅटरी."

"कॉम्प्युटर पण जुना?"

"नांदेडहून आणला. हापिसातला काढलेला. ते इंडोज दहा बंद झालं म्हणं, म्हून सस्त्यात भेटला."

काकूंचं म्हणणं खरं आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, आणि विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चौथ्या-सहाव्या पिढीचे टणटणीत डबे हापिसांना नकोसे झाले. पोरानं तसलाच एक डेलचा ऑप्टिप्लेक्स सात-आठ हजारांत उचलला आणि त्यात फुकटचं लिनक्स टाकलं.

"त्याच्यात एक कार्ड बसवलंय," काकू म्हणाल्या, "तेच्याबिगर गेम पळत न्हाई. दुकानदार मोठं कार्ड गळ्यात मारायला बघत व्हता. पोरगं म्हणलं, याला येगळी वायर लागती, मह्या डब्यात तसली वायरच न्हाई."

मला हे ऐकून पोराबद्दल आदरच वाटला. या हापिसी डब्यांचा पॉवर सप्लाय लहान असतो, आणि बऱ्याच मॉडेलांत त्याचा प्लगही कंपनीचा खास, म्हणजे बाजारातला दुसरा आणून सरळ बसत नाही. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला मिळतात फार तर ७५ वॅट. त्यात भागणारं कार्ड म्हणजे जीटीएक्स ७५० टीआय, २०१४ चं, ६० वॅटचं. नवे गेम त्यावर रडतात, जुने मात्र झकास चालतात.

"आन् पडदा?"

काकू हसल्या. "मागल्या इलेक्शनचा फ्लेक्स. उलटा ताणलाय, पुढाऱ्याचं त्वांड भिताडाकडं. पाच साल त्यानं आमच्याकडं पाठ केली, आता आम्ही त्याच्याकडं."

प्रोजेक्टर कुठल्याशा शिकवणीतून आला. तो घेताना पोरानं आधी काळी पाटी लावून बघितली. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत राहिले तर आतले बारके आरसे अडकलेत, असला प्रोजेक्टर फुकट दिला तरी घेऊ नये. दिव्याचे तास मेनूत दिसतात, पण ते शून्यावर आणता येतात. म्हणून उजेड पिवळट नाही ना, हे डोळ्यानंच पारखायचं. विकणारा 'फुल एचडी' म्हणत होता. फुल एचडी तो घेतो खरा, दाखवतो मात्र १०२४ बाय ७६८. पोरानं एवढं बोलून हजारभर उतरवले.

"सगळ्यात मज्जा भंगारवाल्याकडं झाली," काकू तारेवरून पुढं वाकल्या. "जुन्या डेकचे दोन बॉक्स पडले व्हते. ह्यानं खिशातून घड्याळाचा सेल काढला, दोन वायरी टेकवल्या. थाड्! कागद भाईर आला. भंगारवाला म्हणतो, डॉक्टर हाय का काय तुमचं पोरगं!"

दीड व्होल्टाचा सेल क्षणभर टेकवला की कॉइल जिवंत आहे का ते कळतं, आणि प्लस-मायनसही कळतं. एक कागद बाहेर अन् दुसरा आत सरकत असेल तर एका बॉक्सच्या वायरी उलट करायच्या, नाहीतर दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. कागदाच्या कडेचं फोम झडलेलं असेल तर हात लावू नये. रबर असेल तर वर्षानुवर्षं चालतं.

"आवाज कोंडायला त्याला अंड्याचे ट्रे लावायचे व्हते भिताडाला. म्या म्हणलं, माळकऱ्याच्या घरात अंड्याचा ट्रे? नर्सीची लेक हाय मी, नामदेवाच्या गावची!"

काकूंचा नियम इथं शास्त्रालाही धरून निघाला. त्या ट्रेनं बेस अडत नाही. खोलीतला घुमारा मारायला हळदीची बारदानं जुन्या कापसानं भरून कोपऱ्यात रचली, भिंतीला वाकळी टांगल्या. खोली पुष्कळ शांत झाली. बंदुका तेवढ्या माझ्या खिडकीपर्यंत येतात.

"बुफर जरा कमी ठेवायला सांगा," मी म्हटलं. "औंढ्याला ते गुरुत्वीय लहरी मोजायचं लायगो व्हायलंय. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, २,६०० कोटींचं काम. तिथं बारीकसा हादराबी चालत नाही म्हणं."

"मग सरकारलाच एक वाकळ देते!"

लाइटीचं काय, हे मी विचारलंच. मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज बसतं. प्रोजेक्टर तापलेला असताना लाइट गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून पोरानं जुना यूपीएस घेतला, पण बॅटरी नवी टाकली. जुन्यात काय जुनं घ्यायचं नाही, हे ज्याला कळतं त्यानंच या नादाला लागावं, असं माझं मत.

"आमच्या टायमाला काय कमी व्हतं का?" काकूंना माहेर आठवलं. "वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचे. रातभर तीन पिक्चर. चित्र मुरमुरलं की पोरं करकरीत नोटेनं हेड पुसायची. तिसरा लागंस्तोवर निम्मी आळी घोरायली."

"खर्च किती झाला हो सगळा?"

काकूंनी मागं-पुढं बघितलं. "तुला म्हून सांगते, बाविसाच्या आत. समोरच्या मास्तरला चाळीस सांगितले. खरा आकडा फुटला तर उद्या समदी गल्ली नांदेडला जाईल आन् भाव चढवून ठिवील. पोराला अजून खुर्च्या घ्यायच्यात."