लाइनवाले काका

२००५-०६च्या सुमारास टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड घरोघरी यायला लागलं आणि पुण्यातल्या सोसायट्यांमधून एकेक काका उगवले. निवृत्त, बर्म्युडा, खिशात टेस्टर. बिल्डिंगमधलं पहिलं कनेक्शन यांचं, एवढ्या पुण्याईवर बाकीच्यांची कनेक्शनं आपल्याच देखरेखीखाली जोडली जावीत, असा त्यांचा आग्रह.

बोलवावं लागत नाही. जिन्यात लाइनमन दिसला की त्याच्यामागोमाग काका तुमच्या घरात. "डीपीपासून नवी वायर ओढलीत ना? मध्ये जॉइंट चालायचा नाही मला." मला! बिल भरणार तुम्ही. लाइनमन मुकाट्याने चहा संपवतो.

तो गेला की काका टीव्हीमागे शिरतात. स्प्लिटरची एक वायर फोनला, दुसरी मोडेमला. "बोलणं चार किलोहर्ट्‌झच्या खाली, इंटरनेट पंचवीसच्या वर. एका तारेत राहतात, पण एकमेकांच्या वाटेला जात नाहीत," हे अशा आवाजात, की दोघांचं लग्न यांनीच जमवलं असावं. बेडरूममधल्या पॅरलल फोनला फिल्टर नाही हे कळल्यावर मात्र चेहरा उतरतो. "मग रिंग वाजली की नेट जाणारच, वहिनी!"

डीएसएलचा दिवा लुकलुकत असेतो कुणी बोलायचं नाही. तो स्थिरावला की कीबोर्डवर एक बोट चालतं : १९२.१६८.१.१. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. स्वतःचा पेन्शनचा खातेक्रमांक त्यांना आठवत नाही, हे तोंडपाठ.

गाणं उतरवायला लावलं की तुमचा मुलगा कुरकुरतो, "दोनशे छप्पनचा प्लॅन आणि बत्तीसच दिसतायत?" काका याचीच वाट बघत असतात. "ते बिट, हे बाइट. भागिले आठ. आणि दोनशे छप्पनला ब्रॉडबँड सरकारने म्हटलंय, २००४च्या धोरणात. मी नाही."

या माणसाला इंटरनेटवर काही बघायचं नसतं, ही खरी गंमत. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली ही पिढी. तिला तार चालू असण्यातच सुख. घरी काकू अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओवर बोलत असतात, चित्र अडकतं, नातू अर्धवट हसत थिजतो.

"अहो, या ना, बोला त्याच्याशी!"

"थांब गं, नॉइज मार्जिन बघतोय. त्याला विचार, त्याच्याकडे अपलोड किती येतोय?"