प्लगची जिव्हापरीक्षा

आयुर्वेदातील अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र आणि मल यांच्यानंतर जिव्हेचा क्रम लागतो. दुचाकीच्या वैद्यकात मात्र सायलेन्सरचा धूर आणि फरशीवरचा ऑइलचा डाग यांकडे ओझरते पाहून मेकॅनिक थेट जिव्हेला, म्हणजे स्पार्क प्लगच्या टोकाला, हात घालतो. जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी पाडून पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटवणे एवढेच प्लगचे काम असले, तरी ज्वलनकक्षात राहणारा आणि पान्याच्या चार वेढ्यांत बाहेर येणारा साक्षीदार तोच असल्याने, ‘परवाच सर्व्हिसिंग केलंय’ या मालकाच्या जबानीपेक्षा त्याच्या जबानीला वजन अधिक असते.

मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचे चिनी मातीसारखे पांढरे वेष्टन, म्हणजे इन्सुलेटर, दुधाळ चहाच्या रंगाचे झाले असल्यास प्रकृती उत्तम समजावी. कोरडी काजळी दिसल्यास हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असते. त्याला तुंबलेला एअर फिल्टर जबाबदार असतो, किंवा सकाळी ओढलेला आणि कचेरी येईपर्यंत ओढलेलाच राहिलेला चोक. शिवाय सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच प्लग आपली काजळी आपण जाळू शकत असल्यामुळे, घर ते दूधकेंद्र एवढीच यात्रा घडणारी स्कूटर निरोगी असूनही काळवंडते. काळेपणा तेलकट असला, तर चार-स्ट्रोक इंजिनात बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल वर चढत असते. ‘गाडी ऑइल खाते’ हे गॅरेजी निदान ऐकून मालकाचा चेहरा पांढरा पडतो. प्लगच पांढराफटक पडला असल्यास मात्र बहुधा पेट्रोल कमी पडून इंजिन तापत असते, आणि ते अधिक घातक.

१९७२ साली आलेल्या चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरींत ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागे. दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे प्रमाण पंक्तीत तुपाची धार धरणाऱ्या उदार हातांना कंजूषपणाचे वाटल्यास नवल नाही. परिणामी प्लगच्या फटीत कचरा साचून ठिणगी बंद पडे.

खरे वाचन हवे असल्यास, भरवेगात क्लच दाबून इंजिन तत्क्षणी बंद करावे आणि मगच प्लग काढावा, असे जाणकार सांगतात, कारण सिग्नलला फुरफुरत उभ्या राहिलेल्या गाडीचा प्लग फक्त सिग्नलविषयी बोलतो. टापटिपीचा मालक मात्र पाहुण्यांसमोर मुलाला नेताना त्याचे तोंड पुसावे, तसा आदल्या रात्री प्लग पॉलिश पेपरने घासून लख्ख करतो आणि सकाळी मेकॅनिकला विचारतो, ‘काय झालं असेल हो?’